भंगारातला ट्रान्सफॉर्मर आणि काळजाचा ठोका

पावसाळ्यातली एक संध्याकाळ. दवाखान्यात नेहमीचीच गर्दी, म्हणजे ताप, सर्दी आणि पायाच्या बोटांतल्या चिखल्या. सांडोरच्या एका वाडीतून आजी आपल्या नातवाला घेऊन आल्या. मुलगा बारावी सायन्सचा, हुशार, डोळ्यांत चमक असलेला. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट त्याने रुमालात गुंडाळून धरले होते.

"डॉक्टर, करंट बसला याला. बघा जरा," आजी म्हणाल्या.

"काय नाय झालं. थोडा झटका बसला," नातू म्हणाला.

रुमाल सोडून पाहिले. अंगठ्याच्या पेरावर एक आणि बोटाच्या टोकावर एक, असे ज्वारीच्या दाण्याएवढे दोन पांढुरके ठिपके. रक्त नाही, फोड नाही, फारसे दुखतही नव्हते. बाहेर पंधरा माणसे ताटकळत होती. मी धनुर्वाताचे इंजेक्शन आणि लावायचे मलम लिहायला घेतले. खरे सांगायचे तर आणखी दोन मिनिटांत मी त्या मुलाला घरी पाठवले असते. कागद फाडता फाडता सहज विचारले, "कशाचा बसला रे? पंपाचा की मिक्सरचा?"

"नाय डॉक्टर. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरचा. दोन हजार व्होल्टचा."

मी पेन खाली ठेवले.

वाडीतली प्रयोगशाळा

हकिगत अशी. कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी या मुलाला 'टेस्ला कॉइल' करायची होती. निकोला टेस्ला (१८५६ ते १९४३) या शास्त्रज्ञाने १८९१ साली हे यंत्र जगापुढे आणले. त्याच वर्षी २० मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्याने काचेच्या नळ्या तारेने न जोडता उजळून दाखवल्या होत्या. आज मोबाईलवर अशा कॉइलचे शेकडो व्हिडिओ दिसतात. तांब्याच्या तारेचे उंच वेटोळे, डोक्यावर धातूचा गोळा आणि त्यातून तडतडत निघणाऱ्या जांभळ्या ठिणग्या. कोणत्याही चौकस मुलाला मोह पडावा असेच ते दृश्य असते.

त्यासाठी घरातली २३० व्होल्टची वीज आधी काही हजार व्होल्टपर्यंत चढवावी लागते. नवा ट्रान्सफॉर्मर महाग. भंगारवाल्याकडे मात्र बिघडलेले मायक्रोवेव्ह ओव्हन किलोच्या भावाने मिळतात. बऱ्याच ओव्हनमध्ये, विशेषतः जुन्या बनावटीच्या, लोखंडी गाभ्याचा एक जड ट्रान्सफॉर्मर असतो. तो २३० व्होल्टचे साधारण २००० व्होल्ट करतो. शेजारी पंख्याला असतो त्या प्रकारचा, पण जास्त व्होल्ट सोसणारा कंडेन्सर असतो. आमच्या या शास्त्रज्ञाने असे दोन ओव्हन आणले, खोलले आणि विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत मांडामांड केली.

दोन ट्रान्सफॉर्मर कशाला, असे मी विचारले. त्यावर तो अभिमानाने म्हणाला, "एक व्होल्टेज वाढवायला, आणि दुसरा चोक म्हणून. करंट लिमिट केलाय डॉक्टर. म्हणून सेफ आहे."

'म्हणून सेफ आहे' हेच शब्द डोक्यात राहिले आणि आजचा लेख लिहायला बसलो. असे प्रयोग करणारा हा एकटाच मुलगा नाही, आणि ही चुकीची समजूतही त्याच्या एकट्याची नाही.

चोक कोणाला वाचवते?

चोक हा शब्द आपल्याला नवा नाही. जुन्या ट्यूबलाईटच्या पट्टीत एक जड, कधी कधी गुणगुणणारी चोक असे. ट्यूब एकदा पेटली की तिच्यातला वायू हवी तेवढी वीज ओढू लागतो आणि काही क्षणांत ट्यूब जळून जाईल. तसे होऊ नये म्हणून विजेच्या वाटेत तारेचे वेटोळे घालून तिचा जोर आवरतात.

टेस्ला कॉइलमध्येही हीच अडचण येते. ठिणगी उडते त्या क्षणी वाट मोकळी होते आणि ट्रान्सफॉर्मर बेसुमार वीज ओढतो. तारा तापतात, घरातला एमसीबी पडतो. म्हणून ही हौस करणारे लोक दुसऱ्या एखाद्या भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरला चोकेच्या जागी बसवतात. युक्ती हुशारीची आहे, यात शंका नाही.

पण ती चोक काय वाचवते हे नीट समजून घ्या. ती ट्रान्सफॉर्मर वाचवते, घराची वायरिंग वाचवते. माणसाला ती वाचवत नाही. हिशेब अगदी साधा आहे. समजा, चोकेने घरातून घेतलेली वीज १० अँपिअरवर रोखली. ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्ट साधारण नऊपट वाढतात आणि अँपिअर त्याच प्रमाणात घटतात. म्हणजे पलीकडच्या तारेवर १ अँपिअरच्या आसपास वीज उपलब्ध राहते. आता माणसाचे हृदय बंद पडायला किती लागते? छातीतून आरपार गेलेली ०.१ अँपिअर वीज त्याला पुरते. लिमिट केलेला करंटसुद्धा जीव घेण्यास लागणाऱ्या विजेच्या दहापट असतो.

"सेफ तुझा ट्रान्सफॉर्मर आहे, तू नाहीस," असे मी त्याला म्हणालो, तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

शरीर विजेला कसे दाद देते

अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल नावाच्या प्राध्यापकांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून पाहिले की, हातात धरलेली विजेची तार माणूस किती करंटपर्यंत स्वतःहून सोडू शकतो. पुरुषांत हा आकडा सरासरी १६ मिलीअँपिअर आला, स्त्रियांत १०.५. (१००० मिलीअँपिअर म्हणजे १ अँपिअर.) याच्या वर गेले की हाताचे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. 'वीज माणसाला धरून ठेवते' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात आपलीच मूठ तारेला धरून बसते.

साधारण १ मिलीअँपिअरला मुंग्या येतात. २० ते ३० मिलीअँपिअरला छातीचे स्नायू आखडून श्वास अडतो. ७५ ते १०० मिलीअँपिअरच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. हृदय नीट आकुंचन न पावता पिशवीत कोंडलेल्या पाखरासारखे नुसते फडफडते. रक्त पुढे जात नाही, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो आणि उपचार मिळाले नाहीत तर काही मिनिटांत मरतो. बाहेरून अंगावर एखादा ठिपका दिसतो किंवा तोही दिसत नाही.

विजेला अडवणारी आपली मुख्य भिंत म्हणजे त्वचा. कोरडी, राठ त्वचा बरीच वीज अडवते. तीच घामाने किंवा पावसाने ओली झाली की अडथळा शंभरपटीने कमी होऊ शकतो. आणि सुमारे ५०० व्होल्टच्या पुढे तर कोरडी त्वचाही भेदली जाते. घरातल्या २३० व्होल्टचा झटका खाऊन वाचलेली माणसे आपल्या सर्वांच्या ओळखीत असतात. त्या अनुभवावर विसंबून २००० व्होल्टजवळ जाऊ नका. तिथे पायातली रबरी चप्पल आणि कोरडा हात यांच्या भरवशावर राहता येत नाही.

मग हा मुलगा वाचला कसा? अंगठा एका टोकाला आणि बोट दुसऱ्या टोकाला लागले. वीज एकाच हाताच्या दोन बोटांमधून गेली, छातीकडे वळली नाही. त्याचा डावा हात त्या वेळी ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी अंगावर असता, तर वाट एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे थेट हृदयावरून गेली असती. वडील चर्चगेटच्या लोकलमध्ये, आई कामावर, आजी वाडीत अबोली खुडत होत्या. पंपाच्या खोलीत तो एकटा होता. मेन स्विच बंद करायलाही कोणी नव्हते.

चार गैरसमज

त्या मुलाशी आणि नंतर त्याच्या मित्रांशी बोलताना चार समजुती ऐकल्या. त्या इथे मुद्दाम नोंदवतो.

पहिली : "घरात ईएलसीबी आहे, तो पडेल." हा स्विच फार उपयोगाचा आहे आणि प्रत्येक घरात असलाच पाहिजे. गेलेली आणि परत आलेली वीज यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तो क्षणात वीज तोडतो. परंतु तो पाहतो घरच्या बाजूची वीज. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या वेटोळ्यातून निघालेली वीज माणसातून जाऊन त्याच वेटोळ्यात परत येते. घरच्या बाजूला फरक पडतच नाही, त्यामुळे ईएलसीबी तसाच उभा राहतो. एमसीबीलाही ते नेहमीचेच काम वाटते.

दुसरी : "टेस्ला कॉइलची वीज उच्च कंपनांची असते, तिचा शॉक लागत नाही." वरच्या गोळ्यातून निघणाऱ्या ठिणगीची कंपने सेकंदाला लाखांच्या घरात असू शकतात. इतक्या वेगवान विजेला आपल्या नसा फारशी दाद देत नाहीत, हे खरे. पण झटका जाणवला नाही तरी आतले मांस भाजते. आणि मुख्य म्हणजे, जीव घेणारा भाग वर नसतोच. तो खाली असतो, ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सर असतात तिथे. तिथली वीज आपल्या घरासारखीच सेकंदाला ५० कंपनांची असते आणि हृदयाला ती सर्वांत घातक. वरच्या ठिणग्या पाहून माणूस घाबरून दूर राहतो, खालच्या मुक्या डब्याला मात्र बेधडक हात लावतो.

तिसरी : "प्लग काढला की संपले." कंडेन्सर प्लग काढल्यावरही वीज साठवून ठेवतो. ओव्हनच्या कंडेन्सरमध्ये ती हळूहळू उतरावी म्हणून आत सोय असते. ती बिघडलेली असेल तर बंद ओव्हनसुद्धा बराच वेळ धोक्याचा राहतो. म्हणून मायक्रोवेव्ह घरच्या घरी कधीही उघडू नये.

चौथी : "व्हिडिओत तो माणूस करतो, त्याला कुठे काय होते?" ज्याला काही होते तो व्हिडिओ टाकायला उरत नाही. याचा दाखला अमेरिकेत आहे. तिथे याच भंगारातल्या मायक्रोवेव्ह ट्रान्सफॉर्मरने ओल्या लाकडावर झाडाच्या फांद्यांसारखी जळकी नक्षी उमटवण्याची हौस पसरली. तिथल्या लाकूड कातणाऱ्या कारागिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये आपल्या कार्यक्रमांतून या प्रकारावर बंदी घातली. या हौसेपायी ३० हून अधिक माणसे दगावल्याची तिची नोंद आहे. त्यांत वर्षानुवर्षे यंत्रांवर काम केलेले लोकही होते.

आपल्याकडे तर विजेच्या धक्क्याने मरणे ही रोजची बातमी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२१ च्या अहवालात देशभरात अशा १२ हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद आहे. आपल्या वसईच्या पट्ट्यात पावसात वाड्यांतून पाणी साचते, विहिरींवर पंप असतात, पंपाच्या खोल्या ओलसर असतात. अशा जागी घरची साधी वीजही जपून हाताळावी लागते.

झटका बसल्यावर काय करावे?

१. धावत जाऊन माणसाला हात लावू नका. एकाच्या जागी दोघे जातात ते इथेच. आधी मेन स्विच पाडा. घरच्या साध्या विजेच्या बाबतीत ते शक्य नसेल तर कोरडी लाकडी काठी किंवा प्लॅस्टिकची खुर्ची वापरून माणसाला दूर करतात. पण हजारो व्होल्टच्या ठिकाणी काठीवर विसंबू नका; दमट लाकडातून वीज कशी धावते हे वरच्या नक्षीच्या उदाहरणात आलेच आहे. रस्त्यात तुटून पडलेल्या तारेजवळ तर जाऊच नका. महावितरणला कळवा आणि लोकांना लांब ठेवा.

२. वीज बंद झाल्यावर माणसाला हाक मारा, खांदा हलवा. तो हलत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर एकाला १०८ नंबर फिरवायला सांगा आणि तुम्ही छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. छातीच्या मधोमध तळहाताचा मागचा भाग ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, कोपर ताठ ठेवा. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. शिकलेले असाल तर ३० दाबांनंतर २ वेळा तोंडाने श्वास द्या. नसाल तर नुसते दाब देत राहा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसऱ्याला बसवा.

या उपचाराचा जन्मही विजेच्याच अपघातांतून झाला आहे. अमेरिकेतल्या वीज कंपन्यांचे लाईनमन मोठ्या संख्येने मरत, म्हणून विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियंते हृदयाची लय परत कशी आणता येईल याचा अभ्यास करू लागले. जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांच्यासोबत काम करणाऱ्या सहकाऱ्यांना दिसले की, बाहेरून छाती दाबली तरी रक्त पुढे ढकलले जाते. १९६० साली त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि आज जगभर ते शिकवले जाते.

३. माणसाला मातीत पुरणे, तळपाय चोळत बसणे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालणे, भाजल्या जागी हळद किंवा टूथपेस्ट लावणे, यांतले काहीही करू नका. पहिली काही मिनिटेच मोलाची असतात, ती यात जातात.

४. माणूस चालत-बोलत असला तरी पुढील गोष्टी असल्यास त्याच दिवशी ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या : घरच्या विजेपेक्षा जास्त व्होल्टचा झटका, एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली वीज, क्षणभराची बेशुद्धी, छातीत धडधड, अंगावर भाजल्याची खूण, गरोदर स्त्री किंवा लहान मूल. मोठ्या व्होल्टच्या भाजण्यात वरून छोटा ठिपका दिसतो, आत मात्र स्नायू लांबवर जळलेले असू शकतात. हात सुजून ताठर झाला किंवा लघवी चहासारखी काळपट होऊ लागली तर ती धोक्याची घंटा समजा. जळलेल्या स्नायूंतला अंश मूत्रपिंडात अडकू लागलेला असतो. काहींना काही महिन्यांनी मोतीबिंदू होतो, म्हणून दृष्टी अंधूक झाली तर हा जुना अपघात डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

त्या मुलाचे पुढे काय झाले?

मलमाचा कागद मी बाजूला ठेवला आणि त्याला रुग्णालयात पाठवले. ईसीजी ठीक निघाला, लघवी स्वच्छ होती. एक दिवस देखरेखीखाली ठेवून घरी सोडले. बोटे मात्र दुसऱ्या दिवशी सुजली. ज्वारीच्या दाण्याएवढा वाटलेला ठिपका आठवड्याभराने काळा पडून गळाला, तेव्हा खाली चांगला खड्डा निघाला. जखम भरायला महिना लागला. त्या बोटाच्या टोकाची संवेदना अजून पूर्ण परतलेली नाही.

तो शेवटच्या पट्टीसाठी आला तेव्हा वडीलही सोबत होते. त्यांनी सारे सामान विहिरीत फेकायची भाषा केली होती. मुलगा खाली मान घालून बसला होता. मी वडिलांना म्हटले, "सामान जाऊ द्या, पण पोराची हौस विहिरीत टाकू नका." मग त्याच्या भौतिकशास्त्राच्या सरांशी बोलणे झाले. सरांनी त्याला ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी छोटी कॉइल करायला सांगितले आणि करताना स्वतः शेजारी बसले. तिच्याजवळ नेलेला सीएफएल दिवा तार न जोडता उजळतो. टेस्लाने दाखवले ते तत्त्व याहीमध्ये दिसते. प्रदर्शनात लहान मुलांची तिथेच गर्दी होती, असे आजींनी मला सांगितले.

दोन्ही ट्रान्सफॉर्मर भंगारात परत गेले. जाण्यापूर्वी सरांनी त्यांच्या वेटोळ्यांच्या तारा कापून टाकल्या. आमच्या भंगारवाल्या भावांना माझी हीच विनंती आहे. ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर शाळकरी मुलाला अख्खा विकू नका. लोखंड आणि तांबे म्हणून तोडूनच पुढे जाऊ द्या.

आणि पालकांना एवढेच सांगणे : मुलगा किंवा मुलगी मागच्या खोलीत दार लावून काय जोडते आहे, ते आज एकदा जाऊन बघा. रागावू नका. "हे कसं चालतं, मला दाखव," असे म्हणा. आणि दाखवायला लागण्यापूर्वी मेन स्विच कुठे आहे ते स्वतः पाहून ठेवा.